तीन खाटांचे बिबडे

पोरांना मी घरी शिकवते हे कळलं की गावातल्या बाया आधी विचारायच्या, "का गं, मंद शेतस का?" आणि मग हळूच, "शाळेनं काढलं का?"

शाळेनं काढलं नव्हतं. मीच काढलं होतं.

झालं असं की शाळा तपासायला तालुक्याहून साहेब आले होते. त्यांनी चौथीच्या वर्गाला विचारलं, "लोहचुंबक पाहिलाय का?" सगळा वर्ग एका सुरात "होऽऽ" म्हणाला. माझी भावना तेवढी उभी राहून म्हणाली, "नाही पाहिला. तो कपाटात आहे आणि कपाटाला कुलूप आहे." साहेब हसले, मास्तरही हसले. साहेबांची जीप वळणाआड गेल्यावर मास्तरांनी तिला मैदानात उन्हात अंगठे धरून उभं केलं. दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी तिच्या पोटऱ्यांना तेल चोळताना मी विचारलं, "तू काय चुकीचं बोललीस?" ती म्हणाली, "काहीच नाही. म्हणून तर रडले नाही." त्यानंतर मी तिला पाठवलं नाही. धाकटा हेमराज ताईशिवाय जाईना, म्हणून तोही राहिला. पोरांचे वडील म्हणाले, "राहू दे महिनाभर." त्या महिन्याचं बघता बघता वर्ष होत आलं.

मी चोपड्याच्या कॉलेजात विज्ञानाचं एक वर्ष केलं आणि लग्न होऊन इकडे आले. घर केळीवाल्यांचं. सकाळी मजुरांच्या भाकरी, दुपारी मळ्यातला चहा, संध्याकाळी पुन्हा चूल. अधूनमधून जो वेळ हाताला लागायचा तो मी पोरांना द्यायचे. भाकरी थापताना पाढे, निवडण करताना धडा. हेमराज माझ्या पाठीला पाठ लावून वाचायचा. त्याचा आवाज माझ्या बरगड्यांतून ऐकू यायचा. शाळेत असतं का असं?

सासरे लोटन आबा पहिल्यांदा काही बोलले नाहीत. ते बोलले होळीनंतर.

"मराठी-गनित तू शिकाड, कोनी ना म्हनत नही," ते म्हणाले. "पन विज्ञान? त्याले सामान लागस, प्रयोगशाळा लागस. आखाजीलोंग काय ते ठराव. नही ते हेमराज धुळाले जाई नथ्थूकडे, नि पोर राही घर. चार कामं शिकी."

नथ्थूभाऊ म्हणजे माझे मोठे दीर. धुळ्याला हायस्कूलात शिकवतात. आबांच्या बोलण्याचा अर्थ सरळ होता. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला सगळे जमतील, तोवर मी विज्ञानाचा पक्का अभ्यासक्रम दाखवायचा. नाही जमलं तर पोरगा धुळ्याला, पोरगी चुलीपाशी आणि मी दोघांच्या मध्ये.

मी माझ्या भावाला, भटूला, निरोप धाडला. तो बऱ्हाणपूरला नोकरीला. काही दिवसांनी तो आला आणि पिशवीतून सायक्लोस्टाइल केलेल्या पानांचा एक गठ्ठा काढला. सातपुड्यापलीकडच्या खेड्यांतल्या शाळांसाठी कुणीकुणी मिळून केलेला, हिंदीतला, शाई पसरलेला. "सामान काही लागत नाही ताई," तो म्हणाला, "घरातलंच चालतं. पण एक आहे, यात उत्तरं दिलेली नाहीत."

रोज दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की मी एकेक पान मराठीत उतरवायचे. पहिल्याच पानावर लिहिलं होतं: तुमच्या घरात सगळे मानतात, पण कुणी करून पाहिलेली नाही अशी एक गोष्ट निवडा. ती करून पाहायची तर काय सारखं ठेवाल आणि काय बदलाल?

हेमराजनं पान उलटं करून पाहिलं. "मागे उत्तर नाही. पान फाटलंय का?"

"फाटलं नाही. उत्तर आपण काढायचं."

"मग मी सांगतो. चिंचेखाली झोपलं की भूत धरतं."

"झोपशील का तू?" भावनानं विचारलं.

"मी नाही."

"मग दुसरं सांग."

तो दुसरं शोधत बसला. भावना पान पुन्हा वाचत होती. मग म्हणाली, "आई, बाहेरच्या बाईची सावली पडली की बिबडे लाल होतात ना? ते कुणी करून पाहिलंय?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या झग्याची दुमड मी नुकतीच उसवून खाली सोडली होती. अजून वर्ष, फार तर दोन, आणि मग तीही महिन्यातले ते दिवस गोठ्याच्या भिंतीशी बसणार, वेगळा पेला, वरून वाढलेली भाकरी. लोणच्याला हात नको, पापडाला नको, उन्हात वाळणाऱ्या ज्वारीच्या बिबड्यांवर सावली नको.

मला माझं पहिलं साल आठवलं. लग्न होऊन आले त्या चैत्रात बिबडे लालसर उतरले, तेव्हा सगळ्या बायांसमोर सासूबाई, धुरपदाबाई, म्हणाल्या होत्या, "नवी नवरीनी सावली पडनी." मी तेव्हा बाहेरची नव्हतेसुद्धा. पण हे ओरडून कुणाला सांगणार? खाली मान घालून डबे पुसत राहिले.

"नाही," मी भावनाला म्हटलं. "कुणी करून पाहिलेलं नाही."

"मग पाहू या."

चैत्र लागला तशी आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, दादर भिजत घातली. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. तिचे बिबडे सगळ्यांत पांढरे होतात. रोज पाणी बदलायचं, मग निथळवायची, दळायची, आणि बिबड्यांच्या दिवशी पहाटे मोठ्या पातेल्यात तीळ, लसूण, मिरची, मीठ, पापडखार घालून पिठाचा दाट घाटा शिजवायचा. त्या सकाळी उठले तेव्हाच मला कळलं की माझे दिवस अंदाजाच्या आधीच आले आहेत. दर वेळी अशा सकाळी मी न बोलता भिंतीशी जाऊन बसत असे आणि बसलेली पाहून सगळ्यांना समजत असे. त्या सकाळी मी चूल पेटवली.

भावनाला मात्र सांगितलं. तिला माहीत असणं भागच होतं.

"मग आजीला सांग ना," ती म्हणाली.

"सांगितलं तर प्रयोग होणार नाही."

"हे खोटं बोलणं झालं का मग?"

"कुणी विचारलं तर खरं सांगायचं," मी म्हटलं. "तूही आणि मीही."

"नक्की?"

"नक्की."

शेजारची चुलतजाऊ कमलबाई मदतीला आली. धाब्यावर, घराच्या मातीच्या सपाट छतावर, तीन खाटा टाकल्या, त्यांवर धुतलेली धोतरं. पहिल्या खाटेवर मी बिबडे थापले. दुसरीवर त्याच घाट्यातले कमलबाईनं. तिसऱ्या खाटेसाठी घाट्याचं एक लहान पातेलं वेगळं काढलं. त्यात हेमराजनं आणखी खार टाकला आणि ते बिबडे भावनानं घातले, वाकडेतिकडे, कडा फाटलेले. खाराची कल्पना तिचीच. पानांतल्या एका प्रयोगात हळदीत खार घातला की ती लाल होते असं आम्ही आधी करून पाहिलं होतं. तेव्हापासून तिच्या डोक्यात ते घोळत होतं.

"हाऊ काय खेळ चालना शे?" कमलबाईनं विचारलं.

"पोरांचा अभ्यास," मी म्हटलं.

"बरा शे अभ्यास. आम्हनावाली शाळात ते नुसता मार व्हता." आणि तिनं घाट्याचा एक गोळा तेलात बुडवून तोंडात टाकला.

आत्याबाईंचे गुडघे दुखतात, त्या शिडी चढत नाहीत. खाली बसून वर हाका मारत होत्या, "पातळ घाला वं! जाड घालशात ते दात पडतीन मना!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिघं धाब्यावर गेलो. माझ्या खाटेवरचे बिबडे पांढरे. कमलबाईचे पांढरे. हेमराजनं दोन्हींतला एकेक घेऊन सूर्यासमोर धरला, अदलाबदल केली, आणि मग त्यालाच कळेना कुठला कुठला. भावनाच्या खाटेवरचे लालसर, कच्च्या विटेसारखे.

"माझ्या हाताला काही झालंय का?" भावनानं विचारलं. विचारताना ती हसत होती, पण हात मागे लपवला होता. मी तो ओढून घेतला आणि पदरानं पुसला. तिळाचा वास येत होता. "तुझ्या हाताला काहीही झालेलं नाही," मी म्हटलं, "आणि पुढेही होणार नाही."

पहिल्या दोन्ही खाटांचे बिबडे मोठ्या डब्यात गेले. लाल बिबडे भावनानं आपल्याजवळ ठेवले.

आखाजीला नणंदा माहेरी आल्या. निंबाला झोके बांधले, पोरींचं गाणं सुरू झालं, आणि धुळ्याहून नथ्थूभाऊ आले ते निळ्या रंगाची पेटी घेऊन. मी खोटं का बोलू, पेटी फार सुंदर होती. आत काचेच्या नळ्या, भिंग, लिटमसचे कागद, आणि मखमलीत बसवलेला एक लोहचुंबक. हेमराजनं तो मुठीत धरला तो जेवताना, आंघोळीला, झोपताना सोडला नाही. नथ्थूभाऊ मनाचे चांगले. आपल्या पदरचे पैसे घालून त्यांनी ती आणली होती.

"प्रत्येक प्रयोगाचं एक कार्ड आहे," त्यांनी आबांना समजावलं. "वर सामान, मध्ये कृती, खाली निष्कर्ष. चुकायची सोयच नाही. ही पेटी धरून शिकवत असतील तर माझी काही हरकत नाही, आबा. दोघं राहू देत घरी."

आबांनी मान हलवली. त्यांना पेटी पटली. दिसत होती, वाजत होती, कुलूप लागत होतं. मलाही त्या क्षणी वाटलं की घ्यावी. एक होकार दिला की पोरं माझ्यापाशी राहत होती.

जेवणाची पंगत बसली. आमरस, पुरणपोळ्या, आणि मधोमध तळलेल्या बिबड्यांची परात. नथ्थूभाऊ म्हणाले, "आधी पोरांचा एक प्रयोग होऊन जाऊ दे." त्यांनी लिंबाच्या पाण्याची वाटी मांडली. हेमराजनं ऐटीत निळा कागद बुडवला आणि कार्ड बघून मोठ्यानं वाचलं, "निळा लिटमस लाल झाला!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आबांनीही.

"निळाच आहे," भावना म्हणाली.

खरंच निळा होता. कागद जुने असतील, ओल लागली असेल, कोण जाणे. हेमराजच्या चिमटीत निळाशार कागद होता आणि तो टाळ्या ऐकून हसत होता.

"कार्डावर बघ बेटा, काय लिहिलंय," नथ्थूभाऊ म्हणाले.

"कार्डावर लाल आहे. कागदावर निळा आहे."

"ही फार चिकित्सक," ते हसत म्हणाले. "बरं, तू केलास का एखादा प्रयोग?"

"केला ना. बिबड्यांचा." आणि तिनं सांगून टाकलं. एक खाट आईची, आई बाहेरची होती. एक कमलकाकूची. एक माझी, जास्त खाराची. आईचे पांढरे, काकूचे पांढरे, माझे लाल. तिनं पळत जाऊन लाल बिबडेही आणून दाखवले.

धाकट्या नणंदेच्या तोंडात अर्धा बिबडा होता. तो तिथेच थांबला. कमलबाई पुटपुटली, "वो माय!" आत्याबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पोळीचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

नथ्थूभाऊंनीच सावरून घेतलं. "लहान आहे, रचून सांगते काहीतरी. चला, पेटी ठरली म्हणायची ना, आबा?"

सुटायला दार उघडं होतं. मी नुसती हसले असते आणि "काहीही बोलते" म्हटलं असतं तर बिबडे संपले असते, पेटी राहिली असती, पोरं राहिली असती. भावना माझ्याकडे बघत होती. वाट पाहत होती फक्त.

"ती रचून सांगत नाही," मी म्हटलं. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. "पहिल्या खाटेवरचे बिबडे मी घातले. मी तेव्हा बाहेरची होते. त्या दिवसापासून तुम्ही सगळे तेच खाताय. आणि पेटी मला नको."

आबांनी हातातला बिबडा ताटाच्या कडेला ठेवला. "ठरनं मंग," ते म्हणाले. "हेमराज धुळाले जाई."

"नाही जाणार."

पंगतीत कुणी असं बोललेलं आबांनी कधी ऐकलं नसेल. मी तरी ऐकलं नव्हतं. पण तोंड उघडलं होतं, आता ते मिटेना.

"आबा, हेमराजच्या हातातल्या कागदाचा रंग काय आहे? सांगा ना. निळा आहे. तो लाल म्हणाला आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. अशानं तो पुढे काय शिकेल? डोळ्यांना निळं दिसत असताना लाल म्हणायचं? कपाटात कुलपात असलेला चुंबक पाहिला म्हणायचं? त्यासाठी शाळा होती की! त्यासाठी मी वर्षभर एवढ्या भाकऱ्या थापत त्यांना शिकवत बसले नाही. आणि भावनाही कुठल्या भिंतीशी बसणार नाही. पोरं इथंच राहतील आणि माझ्या पानांवरून शिकतील. त्यांत उत्तर नाही, पण खोटंही नाही."

मी पदर घट्ट धरला होता. तेवढ्यात पोरांच्या वडिलांनी परातीतला एक बिबडा उचलला, कडकन मोडला आणि खाल्ला. माणूस मोठा अबोल. "बरे झालेत," ते म्हणाले आणि आमरसाकडे वळले. त्या एका आवाजानं मला जरा धीर आला.

"देख," आबा काही बोलणार तोच आत्याबाई मध्ये शिरल्या. ताट खाली ठेवून त्या भावनासमोर बसल्या.

"आठे ये. तिसरी खाट तुनी?"

"हो."

"घाटा तोच?"

"तोच. पातेलं वेगळं."

"खार कितला टाका?"

"हेमराजनं टाकला. दुप्पट असेल."

"असेल?" आत्याबाईंनी हेमराजकडे असं बघितलं की त्यानं चुंबक मागे लपवला. "असेल म्हनजे काय रे? मोजा नही?"

"मूठभर टाकला," तो म्हणाला.

"कोनी मूठ? तुनी का तुना बापनी?" त्यांनी लाल बिबडा उचलला, वास घेतला, दातानं कडा तोडून चाखली आणि तोंड वाकडं केलं. "खारच खार शे नुसता." मग डब्यातला पांढरा बिबडा उजेडात धरून बराच वेळ फिरवत राहिल्या. मला वाटलं आता परात उचलून गोठ्यात ओतणार. त्यांनी बिबडा परातीत परत ठेवला.

"एकच सालनं काय खरं?" त्या मला म्हणाल्या. "औंदा ऊन कडक व्हतं, म्हनून धकी गयं. पुढला चैतले एक खाट तू घाल, एक मी घालसु. दादर एक, घाटा एक. देखू कोना लाल व्हतस." आणि मग आबांकडे वळून, "ऐकतस का? पोऱ्याले कोठेच धाडू नका चैतलोंग. नि पोरलेबी नही. बठ्ठं आठेच व्हवाले जोयजे. माले हिले खोटी पाडनी शे."

आबांनी आमरसाची वाटी पुढे ओढली. नथ्थूभाऊंनी खाकरून पेटीचं झाकण लावलं. हेमराजनं मुठीतला चुंबक हळूच त्यांच्यापुढे धरला. त्याचे डोळे भरून आले होते, पण मी हात पुढे केला नाही. तो त्याचा त्यानंच मखमलीत ठेवला.

"खार मी मोजसु," आत्याबाई म्हणाल्या.

"नाही. खार भावना मोजेल."

"काबर? मी चोट्टी शे का?"

"तुम्हीही नाही आणि मीही नाही. पण आपल्या दोघींना जिंकायचं आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हसल्या नाहीत, पण चिडल्याही नाहीत. "मोजू दे मंग पोरले," त्या म्हणाल्या.

"पण आजी," भावना म्हणाली, "आई बाहेरची असेल त्याच दिवशी बिबडे घालावे लागतील. नाहीतर प्रयोगच होणार नाही."

बाहेर झोक्याची दोरी करकरत होती.

"मग बिबड्यांचा दिवस आईला विचारून धरायचा?" हेमराजनं नाक ओढत विचारलं.

इतकी वर्षं या घरात बिबड्यांचा दिवस आत्याबाई ठरवत आल्या होत्या, आणि तो ठरवताना कोण कधी बाजूला बसणार आहे ते डोळ्यांनीच, कुजबुजत, आडून विचारलं जायचं. आता आबा समोर होते, मोठे दीर समोर होते, नणंदा होत्या. आत्याबाई जराशा अडखळल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पोळीचं ताट उचललं आणि कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "मंग सांगशी तू. कवय बाहेरनी व्हशी ते."

"सांगेन," मी म्हटलं. "मोठ्यानं सांगेन."